मार्थाताईचा खरेपणाचा पाठ

ग्रेसीचा फोन आला तेव्हा मी अंगणात तांदूळ निवडत बसले होते. “आंटी, टीचर गेल्या,” एवढंच ती म्हणाली. ग्रेसी गोंदियातल्या एका खासगी दवाखान्यात रिसेप्शनवर असते. मार्थाताई शेवटचे पंधरा दिवस त्याच दवाखान्यात होती. आता पाच आठवडे झाले. आमच्या चर्चमधल्या दोन पिढ्यांना जिनं संडे स्कूलमध्ये शिकवलं, तिच्याबद्दल चार चांगल्या ओळी लिहाव्यात म्हणून बसते आणि दर वेळी एकाच रविवारपाशी अडकते. म्हणून तोच रविवार लिहायचं ठरवलं.

मार्थाताई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. लग्न केलं नव्हतं. आठवडाभर सरकारी शाळा आणि रविवारी सकाळी चर्चच्या मागच्या खोलीत सतरंजी अंथरून पंचवीस-तीस पोरांचा वर्ग, असं तिचं आयुष्य. मी तिच्याहून बारा वर्षांनी लहान, तिच्या हाताखाली छोट्यांना सांभाळायचे. क्षमा, दया, दिलेला शब्द पाळणं... बायबलमधल्या गोष्टींतून ती हे सगळं शिकवायची, पण खरेपणाचा पाठ तिचा खास होता. येशूच्या पेत्र नावाच्या शिष्यानं घाबरून आपल्या गुरूला ओळखतच नाही असं तीनदा सांगितलं, ते सांगताना तिचा आवाज अगदी खाली यायचा. “भीती वाटली तरी खरंच बोलायचं, विचारणारा कोणी का असेना,” असं ती म्हणायची. ग्रेसी तेव्हा दहा वर्षांची, पहिल्या रांगेत बसणारी. टीचरचं प्रत्येक वाक्य तिला पाठ.

ग्रेसीची मोठी बहीण शालिनी बारावी झाली होती. तिला नर्स व्हायचं होतं. वडील प्रभुदासभाऊ राइस मिलमध्ये ऑपरेटर, माणूस वाईट नव्हता, पण मुलगी एकटी परगावी राहणार या विचारानंच त्यांचा जीव खालीवर व्हायचा. त्यांनी चिचगडचं स्थळ पाहून ठेवलं होतं. शालिनी रडत मार्थाताईकडे गेली, आणि मार्थाताईनं गुपचूप तिचा रायपूरच्या नर्सिंग कॉलेजचा फॉर्म भरून दिला. प्रवेश मिळाला. घरी सांगितलं तर जाऊ देणार नाहीत, म्हणून एका रविवारी सकाळच्या गाडीनं निघायचं ठरलं. हे मार्थाताईला माहीत होतं आणि रात्री शालिनीच्या कुशीत झोपणाऱ्या ग्रेसीला.

त्या रविवारी वर्ग सुरू व्हायच्या आधी प्रभुदासभाऊ मोटारसायकलवरून ग्रेसीला घेऊन आले. मी दारातच उभी होते. चप्पल न काढताच ते आत शिरले.

“टीचर, शालू सकाळपासून घरी नाही. तुमाले मालूम असन.”

“नाही भाऊ, मला काही माहीत नाही,” मार्थाताई म्हणाली.

मी तिला इतकी वर्षं ओळखत होते. तिला खोटं बोलताना मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि ती ते अगदी सहज बोलली. प्रभुदासभाऊ परत फिरले आणि जाता जाता त्यांनी ग्रेसीला विचारलं, “तुले मालूम आहे का वं?”

ग्रेसीनं वडिलांकडे पाहिलं नाही. तिनं टीचरकडे पाहिलं आणि नीट, स्पष्ट आवाजात सांगितलं, “शालूदीदी रायपूरच्या गाडीनं जाऊन राहिली. टीचरनं फॉर्म भरून देला.” सांगून झाल्यावरही ती टीचरकडेच बघत राहिली. पाठ बरोबर म्हटल्यावर शाबासकीची वाट बघतात तशी... तो चेहरा मी अजून विसरलेले नाही.

गाडी उशिरा आली त्या दिवशी. वेळेवर आली असती तर शालिनी निघून गेली असती. प्रभुदासभाऊंनी तिला प्लॅटफॉर्मवरून परत आणलं. मारलं नाही, ओरडलेही नाहीत. दोन महिन्यांत तिचं चिचगडला लग्न लावून दिलं. चर्चच्या अंगणात त्यांनी एकदाच मार्थाताईला ऐकवलं, “टीचर, माह्या पोरीनं खरं सांगितलं. तुमी खोटं बोलल्या.” तिनं मान खाली घातली.

पुढच्या रविवारी तिनं वर्गात उभं राहून मुलांना सांगून टाकलं की मागच्या आठवड्यात ती खोटं बोलली, ग्रेसी खरं बोलली, आणि ग्रेसीची यात काहीही चूक नाही. मागून कुणा मुलीनं विचारलं, “मंग टीचर, शालूदीदी रडून काऊन राहिली?” मार्थाताईनं हातातलं बायबल मिटलं. ग्रेसी सतरंजीचा दोरा ओढत बसली होती. त्यानंतर दोन वर्षं ती वर्गात एक शब्द बोलली नाही.

पालकांच्या तक्रारी आल्या. चर्चच्या कमिटीची मीटिंग झाली, प्रभुदासभाऊ कमिटीत होतेच, मलाही बोलावलं होतं. कोणालाच तोंड उघडायचं नव्हतं. शेवटी मीच म्हणाले, “काही महिने त्यांना थांबू द्या, वर्ग मी बघते.” वाद मिटावा म्हणून बोलले, असं मी स्वतःला सांगत आले. पण पोरांनी तिच्यासारखं माझ्याभोवतीही जमावं असं मला वाटत होतं, हेही तितकंच खरं. काही महिन्यांची तीन वर्षं झाली. त्या काळात मार्थाताई उपासनेला शेवटच्या बाकावर बसायची आणि बाहेर पडताना मला विचारायची, “कोणता पाठ घेतलास गं?” ती मला कधी टाकून बोलली नाही.

दर सुट्टीत देवरीला बस बदलून ती चिचगडला जायची. पहिल्या दोन खेपांना शालिनी घराबाहेरच आली नाही. तिसऱ्यांदा चहा दिला. पुढे गावात आशा वर्करची जागा निघाली तेव्हा मार्थाताईनं तो अर्ज आणला, पण या वेळी सासऱ्यांसमोर बसून, त्यांना वाचून दाखवून भरला. शालिनी आजही ते काम करते. नर्स व्हायचं राहिलं ते राहिलंच.

दवाखान्यात आमची शेवटची भेट झाली तेव्हा मार्थाताईचा आवाज अगदी बारीक झाला होता. मी संत्रं सोलत होते. मध्येच तिनं विचारलं, “नंदा, त्या मीटिंगमध्ये मला थांबवा असं कोण म्हणालं होतं गं?”

“आता कशाला ते... आठवत नाही मला.”

“बरं,” ती म्हणाली आणि एक फोड तोंडात घेतली. चार दिवसांनी ती गेली.

मातीला शालिनी आली होती, मुलीला घेऊन. सगळे पांगल्यावर माझ्याजवळ येऊन म्हणाली, “आंटी, माह्यासाठी खोटं बोलनारी ती एकच बाई होती. मी तिले हे कधी सांगितलंच नाही.” मला तिच्याकडे बघवलं नाही.

वर्गावर परत आल्यानंतर मार्थाताईनं एक सवय लावून घेतली होती. ती कोणत्याच मुलाला चारचौघांत प्रश्न विचारायची नाही. खिडकीखाली एक सिमेंटचा कट्टा आहे, वर्ग सुटल्यावर ती तिथं बसायची, एकेकाला बोलवायची आणि थोडी सरकून शेजारी जागा करून द्यायची. काही विचारून झालं की मूल बोलेपर्यंत थांबायची. कधी मूल न बोलताच उठून जायचं, तरी तिचं काही म्हणणं नसायचं.

मागच्या रविवारी ग्रेसी वर्ग आवरायला मदत करत होती. सतरंजी घडी करून ती त्या कट्ट्यावर बसली. मी तिला मीटिंगचं सांगितलं, दवाखान्यातलंही सांगितलं. ती दचकली नाही.

“टीचरले मालूम होतं, आंटी. पप्पा घरी बोलले होते, अन् मी टीचरले सांगून टाकलं. तेव्हाच, लहान होती तेव्हा.”

“मग मला कशाला विचारलं तिनं?”

ग्रेसी थोडी सरकली आणि मला बसायला जागा करून दिली.