दाराला लावलेला दगड

भुतंखेतं ज्यांना दिसतात त्यांना दुसऱ्या दिवशी ऑफिसला जायचं नसतं, असं माझं जुनं मत आहे. मला जायचं असतं. एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर शिक्के मारण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. संध्याकाळी दमून घरी आल्यावर समोर भूत उभं राहिलं तरी मी त्याला 'उद्या या' एवढंच म्हणेन. त्यामुळं या सदरातले अनुभव मी आजवर रविवारी चहाबरोबर हसत वाचत आलोय... आणि आता स्वतःच लिहायला बसलोय. हसायचं असेल तर खुशाल हसा. फोटोग्राफीत माझी जी अब्रू गेलीय, त्यापुढं हे काहीच नाही.

तर — मागच्या वर्षीचा पावसाळा नुकताच संपलेला. आम्ही राजारामपुरीत पहिल्या मजल्यावर राहतो. मी, बायको सुनीता, आणि तेव्हा गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडं आलेल्या माझ्या सासूबाई. त्यांना आम्ही सगळेच आक्का म्हणतो. आक्कांचं गाव गगनबावड्याच्या अलीकडं, घर टेकाडावर. तिथं त्या एकट्या राहतात. एकट्या म्हणजे, एका म्हशीसोबत. म्हैस गाभण, शेजाऱ्याकडं ठेवलेली. त्यांच्या पुण्यातल्या मुलानं फोनवर सांगून टाकलेलं, "दिवाळीपर्यंत आक्का टेकाड चढण्यासारखी झाली तर ठीक. नाहीतर म्हैस विकायची, घराला कुलूप लावायचं आणि आक्कानं पुण्याला यायचं."

आक्का पुण्याला जायच्या नव्हत्या. म्हणून त्या चालत होत्या. फिजिओथेरपीच्या मॅडम दहा पावलं म्हणाल्या की आक्का वीस टाकायच्या. दसऱ्याच्या आधीच जिना उतरून गल्लीच्या टोकापर्यंत जायला लागल्या होत्या.

अशात एकदा मी त्यांना मोबाईलवर काढलेला घाटाचा फोटो दाखवला. तेवढंच बरं वाटेल, या हिशोबानं. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.

"पावणं, ह्यात डोंगर कुठं हाय? वर चुना, खाली डांबर."

खरंच होतं. संध्याकाळी कोकणाकडं तोंड करून फोटो काढला की आभाळ पांढरंफटक आणि दरी काळीकुट्ट. यावर उपाय म्हणजे एचडीआर, असं मी युट्यूबवर शिकलो. एकाच जागेचे तीन फोटो काढायचे — एक अंधारा, एक मधला, एक उजळ — आणि कॉम्प्युटरवर एकात एक मिसळायचे. म्हणजे आभाळही दिसतं आणि दरीही. अट एकच, तीनही फोटोंत कॅमेरा तसूभर हलता कामा नये.

पहिल्या रविवारी मी ट्रायपॉड नेला, पण त्यावर कॅमेरा बसवायची चकती घरीच राहिली. हातात धरून काढले. एका डोंगराला तीन शेंडे आले. दुसऱ्या रविवारी चकती नेली, बॅटरी चार्ज करायला विसरलो, कसेबसे तीन फोटो मिळाले, पण मिसळताना सगळी बटणं शेवटपर्यंत ओढली. गवत पोपटी, आभाळ जांभळं. सुनीता म्हणाली, "हे गगनबावडा आहे की कुणाच्या लग्नाचा बॅनर?"

तिसऱ्या रविवारी माझा मित्र दिल्याला बरोबर घेतलं. दिल्याचं काम ट्रायपॉड धरायचं आणि माझी टिंगल करायची. दुसरं तो जास्त मन लावून करतो.

गगनबावडा सोडून घाट उतरायच्या आधी डावीकडं एक जुनी पायवाट फुटते. पूर्वी कोकणातनं माणसं ओझी घेऊन त्या वाटेनं वर यायची. ती जिथं कड्यावर निघते तिथं दगडांचा एक ढीग आहे. कंबरेएवढा, शेवाळलेला, अधूनमधून एखादा नवा दगड. फोटोत पुढं काहीतरी ठळक असावं असं युट्यूबवाला म्हणाला होता. म्हटलं, हाच घेऊ.

वारा मात्र भयंकर.

"मर्दा, तुझी ती तिवई तमाशातल्या बाईगत हलाय लागलीया की!" दिल्या ओरडला.

ट्रायपॉड हलत असला तर मधोमध वजन टांगायचं, हेही मला माहीत होतं. मी सुनीताची भाजीची पिशवी काढली, त्या आयत्या ढिगातले पाचसहा दगड भरले आणि टांगली. ट्रायपॉड जागेवर बसला. तीन फोटो मिळाले. आयुष्यात पहिल्यांदा कुठलंही काम माझ्या हातून नीट झालं, त्या आनंदात मी दगड शेजारच्या गवतात ओतले, पिशवी गुंडाळली आणि निघालो. एक दगड पिशवीच्या तळाशी अडकून घरी आला, हे दुसऱ्या दिवशी कळलं. पेरूएवढा, गुळगुळीत. आक्कांच्या खोलीचं दार वाऱ्यानं आपटायचं, सुनीतानं तो दाराला लावून टाकला.

फोटो मिसळल्यावर मी खुर्चीत ताठ बसलो. आभाळ होतं. दरी होती. कोकणातले डोंगर एकामागं एक, निळे होत गेलेले. आणि दगडांच्या ढिगाशी एक माणूस बसलेला.

बारीकसा. पाठमोरा, मान खाली, शेजारी काहीतरी गाठोडं. मी दिल्याला फोन लावला. "फ्रेममध्ये कशाला कडमडलास?"

"मी तुझ्या मागं तिवई धरून हुतो की! आणि तिथं कुत्रंबी नव्हतं."

नव्हतंच. मी तीनही वेळा पडद्यावर नीट बघून बटण दाबलं होतं. वेगवेगळे फोटो उघडले. तिन्हींत तो होता, त्याच जागी, तसाच. एखादा गुराखी येऊन बसला असेल आणि आमचं लक्ष नसेल, असं मी ठरवून टाकलं. ग्रुपवर फोटो टाकला. तेरा अंगठे आले, माणसाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

आणि त्याच आठवड्यात आक्का बसल्या.

म्हणजे अक्षरशः बसल्या. पलंगावरून उठायच्या, वॉकर घेऊन दारापर्यंत यायच्या आणि तिथंच खुर्ची मागायच्या. मॅडमनी गुडघा वाकवून बघितला — उत्तम. रक्त तपासलं — उत्तम. "दुखतंय का?" विचारलं की आक्का मान हलवायच्या. "दुखत न्हाई बाई. शीण आलाय. डोंगर चढून आल्यागत शीण आलाय." बोलणंही कमी झालं. मला टोमणा मारायचंसुद्धा त्यांनी सोडलं, तेव्हा मी खरा घाबरलो.

पुण्याहून फोन आला. म्हशीला गिऱ्हाईक मिळालं होतं. सुनीता स्वयंपाकघरात जाऊन रडली.

त्यांना जरा उभारी यावी म्हणून मी तो फोटो टीव्हीवर लावला. आक्कांनी चष्मा वर केला, खाली केला.

"ह्यो डोंगर," त्या म्हणाल्या. मग पुढं वाकल्या. "आणि ह्यो कोण बसलाय?"

"असेल कुणीतरी."

"शिणाच्या दगडापाशी असं कुणी बसत न्हाई, पावणं. तिथं दगूड ठेवायचा आणि चालाय लागायचं." मला यातलं काही ठाऊक नाही, हे माझ्या चेहऱ्यावरनं त्यांना कळलं असावं. "आमच्या आईच्या वक्ताला डोईवर भाताची पोती घेऊन बाया-बापय घाट चढायची. वर आलं की एक दगूड ठेवायचा. शीण तिथं ठेवला, असं म्हणायचं. मीबी लई ठेवलेत. ठेवलेला दगूड कुणी उचलत न्हाई... तुमी न्हाई न्हवं उचलला?"

"छे छे," मी म्हणालो.

सुनीता दाराकडं बघत होती. "अहो... हा कुठला मग?"

आक्कांनी दाराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. कितीतरी दिवसांनी त्यांचा आवाज चढला. "दुसऱ्याचा शीण पिशवीत घालून घरला आणलासा? भाजी समजून?"

माझा विश्वास नव्हता. हे पुन्हा सांगतो. पण मी दुसऱ्याच दिवशी रजा टाकली.

रस्त्यापासून त्या ढिगापर्यंतची पायवाट म्हणजे फार तर आमच्या गल्लीएवढी. पेरूएवढा एक दगड घेऊन जाताना मला तीनदा बसावं लागलं. धाप नाही, घाम नाही... नुसतं बसावंसं वाटायचं. दिल्या हसला, पिशवी हिसकावून पुढं झाला आणि थोड्या अंतरावर तोही बसला. मग हसला नाही.

दगड ठेवला. मग गवतात ओतलेले बाकीचे शोधायला लागलो.

"ह्यातला कुठला त्यातला, कसं वळखायचं?" दिल्या म्हणाला. "तू आवक-जावकवाला, शिक्का तरी मारायचास!"

संशय आला तो प्रत्येक दगड आम्ही ढिगावर नेऊन ठेवला. निघताना मी स्वतःचाही एक ठेवला. आलोच आहोत तर म्हणून.

घरी आलो तर आक्कांच्या खोलीचं दार वाऱ्यानं आपटत होतं आणि पलंग रिकामा. खाली धावलो. आक्का गल्लीच्या टोकाला, दुकानाच्या पायरीवर बसल्या होत्या. वॉकर नव्हता, काठी होती. दुकानदाराला पेंडीचा भाव विचारत होत्या.

"ठेवलासा?"

"ठेवला, आक्का."

"मग मला गावाला कवा सोडतायसा? पुण्याला फोन लावा आदी. म्हस इकायची न्हाई म्हणावं. मी चढतो टेकाड."

चढल्या. दिवाळीच्या आधी, माझा हात झटकून. नंतर एसटीतनं खरवसाचा डबा आला.

मॅडम म्हणतात, ऑपरेशननंतर मध्येच अशी मरगळ येते आणि आपोआप जाते. येत असेल. माझ्या बसण्याचं कारण माझं पोट, असं सुनीता म्हणते. तेही असेल. मी ठेवलेल्या दगडाचा मला काडीचाही उपयोग झाला नाही. रोज संध्याकाळी तितकाच दमून येतो. आक्कांना विचारलं तर म्हणाल्या, "तुमचा शीण हापिसचा. त्यो तिथं चालत न्हाई."

राहता राहिला फोटो. एचडीआर करताना एक खूण करायची सोय असते — तीन फोटोंच्या दरम्यान जे जे हललं, ते सॉफ्टवेअर काढून टाकतं. मी बऱ्याचदा करून बघितली. गवताची पाती जातात, ढगांच्या कडा जातात, दूरचा एक पक्षी जातो. तो जात नाही. त्या वाऱ्यात त्याच्या खांद्यावरचं कापडसुद्धा हललेलं नाही.

कधी ऑफिसातनं येऊन चपला न काढता खुर्चीत बसलो की तो आठवतो. इतकं निश्चल बसायला माणूस किती दमलेला असावा लागतो... आणि आम्ही त्याचा दगड परत ठेवल्यावर तो उठला का, एवढंच मला कळायला हवं होतं.