‘सोड’ म्हणालो तेव्हा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पुढे वर्तमानपत्रात दुसऱ्यांचे शब्द जसेच्या तसे उतरवण्याची नोकरी केली — तेव्हाही नाही.

लढाईच्या वर्षांत मी बेगडेवाडीजवळ तेजाबाच्या एका कारखान्यात पाळीप्रमुख होतो. तिथे एक उंच मनोरा होता. आत भाजलेल्या मातीची, बांगडीसारखी पोकळ कडी खच्चून भरलेली. वरून सोडलेलं तेजाब कड्यांवरून झिरपत खाली यायचं. मनोरा तुंबला, की कडी उपसायची. त्या आठवड्यात तो सारखा तुंबत होता आणि मी सारखा चिडत होतो — त्याच्यावर, मॅनेजरवर, माणसांवर.

खालच्या तोटीची धार तुटली म्हणजे मनोरा रिकामा झाला, असं नसतं. कड्यांच्या सांदीत तेजाब अडून राहतं. म्हणून वरून पाणी सोडायचं, तेही निथळू द्यायचं, मगच खालचं झाकण उघडायचं. मला माहीत नव्हतं का? माणसांना हे मीच शिकवलं होतं.

इंदुरीचा कोंडिबा माझ्या पाळीत होता. धार थांबली तसा हसून म्हणाला, “म्हाताऱ्यावानी हाय ह्यो, साहेब. झालं म्हंतो, पन झालेलं नसतंय. वरनं पानी सोडू का?”

धुण्यात अर्धी पाळी गेली असती. मी वैतागून ओरडलो, “सोड रे आता!”

सोड — म्हणजे राहू दे. माझ्या आवाजावरून त्याला ते बरोबर कळलं. त्याने झाकण काढलं, आत पहार घातली. कडी घसरली आणि मागे अडलेलं तेजाब त्याच्या तोंडावर आलं. डावा डोळा गेला.

चौकशीत एकच ठरायचं होतं — नोकरी कुणाची जाणार, माझी की त्याची. मी म्हणालो, “त्याने पाणी सोडू का विचारलं. मी ‘सोड’ म्हणालो.”

शब्द खरा होता ना? नाही. मॅनेजर तो कसा ऐकणार, हे ठाऊक असूनच मी तो उच्चारला.

कोंडिबाला विचारलं. डोळ्यावर पट्टी होती. तो म्हणाला, “व्हय. सोडच म्हणले. म्याच उलटं धरलं.”

त्याला कामावरून काढलं. जाताना फाटकापाशी थांबून तो मला म्हणाला, “माजं चुकलं, साहेब. तुमास्नी उगा तरास झाला.”

मी म्हणालो, “असू दे.”