क्वालिटीमामांची साक्ष

क्वालिटीमामांना "कसं झालंय?" असं विचारायचं नाही, हे आमच्या गल्लीत नव्या सुनेलाही पहिल्याच आठवड्यात कळायचं. कारण विचारलं की ते सांगायचे. शेजारच्या काकूंनी पहिल्यांदा ढोकळा करून वाटी पाठवली, तेव्हा रिकामी वाटी परत देताना मामा म्हणाले, "चव चांगली हाय, पण मधी कच्चा राहिलाय." काकू चार दिवस बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी त्यांनी दुसरी वाटी पाठवली. ती छान जमली होती.

मामा मूळचे पैठणकडचे. घरी मेंढरं होती. तरुणपणी वाळूजच्या एका कारखान्यात लागले आणि निवृत्त होईपर्यंत क्वालिटी खात्यात राहिले. तयार झालेला भाग हातात घ्यायचा, मोजायचा, पास की नापास ते सांगायचं. तिथलंच नाव घरी आलं. गारखेड्यातल्या त्यांच्या घरात वरच्या मजल्यावर आम्ही भाड्याने राहायचो. मामी गेल्यापासून खाली ते एकटेच होते.

लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर मी आणि संतोषने मूल दत्तक घ्यायचं ठरवलं. नाव नोंदवलं, कागद भरले. मग कळलं की समाजसेविका घरी येणार, दोघांशी वेगवेगळं बोलणार, घर बघणार आणि अहवाल लिहिणार. तो अहवाल मंजूर झाल्याशिवाय पुढे काही हलत नाही. ओळखीच्या दोन माणसांचा शब्दही लागतो. एक मी शिकवते त्या शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या. दुसरे मामा.

भेटीच्या आदल्या दिवशी मी खाली गेले. सासूबाईंना हे दत्तक पसंत नव्हतं. त्या गावी राहायच्या आणि त्यांनी संतोषशी बोलणं टाकलं होतं. मी म्हटलं, "मामा, सासूबाईंचं तेवढं सांगू नका."

मामांनी चष्मा पुसला. "मी आपणहून काही बोलणार नाय. पण इचारलं तर खोटं बोलणार नाय. तू दुसरा माणूस बघ, मला राग नाय येणार."

दुसरा माणूस बघायला वेळ नव्हता.

समाजसेविका ताई तिशीच्या होत्या, शांत. त्यांनी खाली बसून मामांना आमच्याबद्दल विचारलं. मी जिन्यात उभी राहून ऐकत होते. "पोरगा तापट हाय," मामा म्हणाले. "भांडण झालं की दार आपटतो. पण हात उचलत नाय. उचलला असता तर मी कवाच खोली रिकामी करून घेतली असती. पोरगी कष्टाळू हाय, पण मनातलं बोलत नाय, गच्चीवर जाऊन रडती." ताईंनी विचारलं, "घरचे सगळे तयार आहेत?" मामा म्हणाले, "संतोषची आई नाय."

ताईंनी ते लिहून घेतलं. जाताना म्हणाल्या, "त्यांनाही भेटावं लागेल. तोवर अहवाल थांबवते."

मी मामांशी बोलणं बंद केलं. त्यांनी दारात ठेवलेली शेवग्याच्या शेंगांची जुडीही मी तशीच वाळू दिली. दहाव्या दिवशी सकाळी ते पिशवी घेऊन बाहेर पडले आणि एसटीने थेट आमच्या गावी गेले. हे आम्हाला संध्याकाळी कळलं, ते सासूबाईंना बरोबर घेऊनच परतले तेव्हा.

"मी काही समजावलं नाय," मामा म्हणाले. "एवढंच म्हणलं, सरकारी बाई तुम्हाला इचारायला येणार हाय, जे मनात हाय ते खरं सांगा."

दोन दिवसांनी ताई आल्या. "आजी, तुमची हरकत काय आहे?" त्यांनी विचारलं. सासूबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाल्या, "मला कुणी इचारलंच नाय. फोनवर सांगितलं, ठरलंय म्हणून. मी घरातली का बाहेरची?" संतोष उठून त्यांच्याजवळ जाऊन बसला. ताईंनी वही मिटली आणि म्हणाल्या, "मी जरा पाणी पिऊन येते."

ताईंनी अहवालात सगळंच लिहिलं, रुसवा आणि समेटही. तो मंजूर झाला. मग तीन वर्षांहून जास्त वाट पाहिली. मध्ये अहवालाची मुदत संपत आली, तर आठवण मामांनीच करून दिली. रेवा आली तेव्हा वर्षाची होती. कोर्टाचा आदेश येईपर्यंत ती आमच्याकडे फक्त सांभाळायला दिलेली होती. ते दिवस मी धास्तावून काढले. मामा मात्र वेल्डरला आणून गॅलरीच्या जाळीतल्या फटी बुजवून घेत होते. आदेश हातात आला तेव्हा त्यांनी तो दोनदा वाचला, नावांचं स्पेलिंग तपासलं आणि म्हणाले, "पास." त्यांचे डोळे भरले होते. पुढची दोन वर्षं दर सहा महिन्यांनी ताई यायच्या. मामा दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून बसायचे.

रेवाला खरं कधी सांगायचं, यावर आमचं ठरत नव्हतं. मामा म्हणाले, "आताच. गोष्टीसारखं रोज थोडं सांगा. मोठेपणी दुसऱ्याकडून कळलं तर तुमचं खरं बोलणंबी तिला खोटं वाटंल." आम्ही सांगत गेलो. तिला ती गोष्ट इतकी आवडायची की आम्ही काही गाळलं तर ती चूक दाखवायची.

मागच्या वर्षी मामा गेले. चार दिवसांचा ताप आणि मग दवाखान्यात, झोपेत. रेवा सहा वर्षांची. जमलेली माणसं तिला सांगत होती, मामाआजोबा गावाला गेलेत, येतील. ती माझ्याकडे आली. "कधी येणार?"

मी तिला मांडीवर घेतलं. "नाही येणार. ते वारले. वारलेलं माणूस परत येत नाही."

ती खूप रडली. बायका माझ्याकडे रागाने बघत होत्या. बऱ्याच वेळाने तिने तोंड पुसलं आणि आत, गावाहून आलेल्या सासूबाईंकडे गेली. त्या कोपऱ्यात एकट्या, दाराकडे डोळे लावून बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी बसून ती म्हणाली, "आजी, वाट बघू नकोस. मी आहे."