मेलेल्या कीबोर्डाला कुंकू

आमच्या बेंजो पार्टीच्या मालकांचा मला अजून राग येतो, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

पार्टी केडगावची. लग्नसराईत टेम्पोवर जनरेटर, स्पीकर आणि आम्ही पाच-सहा वाजवणारे. मी कीबोर्डवर. पार्टीचा मोठा कीबोर्ड एका गतिरोधकावर टेम्पोतून पडला आणि आतून मेला. मालक नवा घेईनात, म्हणून मीच एक छोटा सिंथेसायझर, आमच्या भाषेत सिंथ, घेतला. तीन सप्तकांचा, मोटारसायकलवर पाठीला लावून नेता येणारा. वर नुसती फिरवायची बटणं. त्यात तयार गाणी नाहीत, तयार ठेका नाही. पूर्वी भल्यामोठ्या मशीनमधून निघायचा तो जाड सूर ह्यात चिपवर तयार होतो, पण घडवायचा आपणच. बटणं पिळून पिळून मी त्यातून सनईसारखा एक आवाज काढला. जरा घोगरा, पण काळजाला हात घालणारा. दुसऱ्या कुठल्या पार्टीकडे तो नव्हता. तो माझा होता.

मालक म्हणाले, "हे काय खेळणं आणलं? वऱ्हाडाला मोठं दिसाया पायजे." आणि त्यांनी मेलेला कीबोर्ड स्टँडवर चढवून जरीची झालर लावली. माझा सिंथ त्याच्यामागे, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. मी वाकून वाजवायचो आणि लोक त्या मढ्याचे फोटो काढायचे. कंबर माझी मोडायची, कौतुक त्याचं व्हायचं. मी ह्याला सोंग म्हणायचो, मालक धंदा म्हणायचे.

खर्ड्याजवळच्या एका लग्नात मात्र डोकं फिरलं. लग्न भावकीतलं, वडील येणार होते. त्यांची हयात ऊसतोडीत गेली. मला वाजवताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. सिंथ घरी आणला तेव्हा, "येवढ्या डबड्यावर पोट भरतंय व्हय?" एवढंच विचारलं होतं. त्यांनी तो स्टँडवर, सगळ्यांसमोर बघावा एवढीच माझी इच्छा होती. मालकांना आधी सांगितलं, ते हो म्हणाले. सकाळी जाऊन बघतो तर मढं पुन्हा वर.

परण्या म्हणजे नवरदेवाची मारुतीच्या दर्शनाला निघणारी वरात; ती निघण्याआधी आमच्याकडे वाद्यांना हळदकुंकू लावून नारळ फोडतात. नवरदेवाच्या मामांनी ताशाला कुंकू लावलं, ढोलाला लावलं, मग त्या मेलेल्या कीबोर्डाला लावलं आणि वर नारळाचं पाणी शिंपडलं. वडील शेजारीच उभे. म्हणाले, "आता कसं वाद्यासारखं वाद्य वाटतंय. ते डबडं इकलं का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. परण्या हलला. मी सनईचा सूर धरला, पोरं नाचायला लागली, आणि ऐन रंगात आल्यावर हात उचलले. सगळे थांबले. मामांचा चेहरा उतरला. "मीच पाणी मारलं, भिजलं वाटतं," म्हणत ते मढं उपरण्यानं पुसायला लागले. मालक माझ्याकडे डोळे वटारून बघत होते. मी ते धूड स्टँडवरून उचललं, टेम्पोच्या फळ्यांवर आपटलं, माझा सिंथ वर ठेवला आणि सूर पुन्हा सुरू केला.

वडील टेम्पोची कड धरून चालत राहिले. मारुतीपाशी थांबल्यावर त्यांनी विचारलं, "ह्यातनंच निघतंय व्हय सगळं? मग ते थोरलं कशाला वाहून आनलं?"

"मालकांना विचारा."

त्यांनी खरंच विचारलं. मालक म्हणाले, "लोकांना मोठं लागतंय, आबा."

"आमी लोकच हाय की. कोयता बी हातभरच आसतो, त्याच्यावर कारखाना चालतोय."

मालकांनी मला पुन्हा कधी बोलावलं नाही. बोलावलं असतं तरी मी गेलो नसतो.

परवा केडगावात त्यांचा टेम्पो आडवा आला. झालर तीच, मेलेल्या कीबोर्डावर ताजं कुंकू, आणि मागे कोणीतरी उगाच बोटं नाचवत उभा. मिक्सरला पेन ड्राइव्ह लावलेला. मी गाडी बाजूला घेतली. स्पीकरमधून माझाच तो घोगरा सनईचा सूर येत होता, मला न विचारता भरून ठेवलेला.