हसरीचा नकार

तिचं खरं नाव घरच्यांनासुद्धा आठवावं लागे. सगळे तिला हसरीच म्हणत. वरचा ओठ जन्मापासून जरा आखूड, ओठांचे कोपरे वर वळलेले आणि दोन्ही गालांना खळ्या. गप्प बसली तरी आत्ताच कुणी विनोद सांगितलाय असं वाटे. या चेहऱ्यापायी तिनं काय काय भोगलं! शाळेत दंगा सगळ्या वर्गाचा, पण बाकावर उभी राहायची ही. काका गेले तेव्हा काकूनं तिला सगळ्यांदेखत खोलीबाहेर काढलं. "दात काढायला दुसरी जागा नाही मिळाली?" काकांची सगळ्यात लाडकी तीच होती. मागच्या पायरीवर बसून ती एकटीच रडली.

लग्न मात्र याच चेहऱ्यानं चुटकीसरशी जमवलं. "गरीब गाय आहे हो," असं सासूबाई जो भेटेल त्याला सांगत सुटल्या. लवकरच त्यांना कळलं की गायीला शिंगं आहेत. हसरी फटकळ होती, हट्टी होती, आणि एकदा नाही म्हटलं की नाही. तरी पुढं सासू-सुनेचं चांगलंच गूळपीठ जमलं. सासूबाई म्हणायच्या, "हिच्या ओठांवर जाऊ नका, पोटात असेल तेच बोलते."

हसरी शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवायची. लांबलचक हॉल, ओळीनं मशीन आणि हवेत कापडाचा भुगा. दारं दोन. पुढचं मालकाच्या केबिनशेजारी. मागच्याला कायम कुलूप, कारण तिथून शर्ट पळवले जातील असं मालकाला वाटे.

एका दुपारी पुढच्या दाराजवळ इस्त्रीची वायर जळाली आणि धुराचा लोट उठला. बायका मागच्या दाराकडे धावल्या आणि कुलपावर जाऊन आदळल्या. मागून रेटा येतच होता. कुणीतरी मेन स्विच बंद केला, धूर निवळला, सगळ्या वाचल्या. पण दाराशी कितीतरी जणी चेंगरल्या होत्या. हसरी त्यातलीच एक.

"मालकाकडे कोण जाणार?" प्रश्न निघाला. हसरीनं हात वर केला.

"तू नको गं बाई," शर्टांना काजं करणारी काजवाली म्हणाली. "तुझं तोंड बघून तो म्हणेल, सगळं छान चाललंय!"

हसरीला ते लागलं, पण खोटं कुठं होतं? तीच म्हणाली, "मग हवालदारबाईंना पाठवा."

हवालदारबाई म्हणजे इस्त्री विभागातली थोराड बाई. जाड, जुळलेल्या भुवया आणि कपाळाला कायमची आठी. इतकी वर्षं एका छपराखाली काढून हसरी तिच्याशी कामापलीकडे बोलली नव्हती. उगाच कोण वाघाच्या तोंडी जाणार! सोबत म्हणून मात्र ती मागोमाग केबिनमध्ये शिरली.

मालक पांढऱ्याशुभ्र केसांचा, लोण्यासारखं बोलणारा. "या, लेकींनो, बसा. अहो, कुलूप तुमच्याच भल्यासाठी आहे. चोराचिलटाचं भय."

"होय साहेब," हवालदारबाई म्हणाली.

"पुढच्या वर्षी बघू काहीतरी."

"होय साहेब."

हसरी चमकली. टेबलाखाली हवालदारबाईनं तिचा हात घट्ट धरला होता, आणि बाईचा तो हात बर्फासारखा गार पडला होता.

मालकानं हसरीकडे बोट केलं. "हिला बघा, पटलंसुद्धा. कशी हसतेय!"

"साहेब, माझा चेहराच तसा आहे. मी हसत नाहीये," हसरी म्हणाली. "आज त्या दाराशी माझा श्वास कोंडला होता. कुलूप निघेपर्यंत मी एकही कॉलर शिवणार नाही. बाकीच्याही मशीनला हात लावणार नाहीत."

"गंमत करतेस होय?" मालक खो खो हसला. ती हलली नाही. हसता हसता त्याची नजर तिच्या ओठांवरून डोळ्यांवर गेली आणि तो एकदम थांबला.

बाहेर येताच हवालदारबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं. "मला माणसांशी बोलताच येत नाही गं. लहानपणापासून भीती वाटते. या भुवयांवर निभावलं आजवर. कुणी वाटेला जात नाही, आणि कुणी जवळही येत नाही."

हसरी ओशाळली. चेहऱ्यावरून पारख केली म्हणून जन्मभर जगावर चिडलो, आणि आपण तरी दुसरं काय केलं?

"ताई, डोळे पुसा," ती म्हणाली. "बोलायचं मी बघते. तुम्ही नुसत्या शेजारी उभ्या राहा. भुवयांसकट!"

रडता रडता हवालदारबाई हसली.

साऱ्या बायका अंगणात येऊन बसल्या. मशीन मुकी झाली. माल न्यायला आलेला ट्रक रिकामाच उभा. मालक दारात येई, हसरी आणि तिच्याशेजारच्या त्या भुवया पाही आणि आत जाई. कधी दम दिला, कधी गोड बोलला. "घरच्यासारख्या वागवतो तुम्हाला," असंही म्हणाला.

"घरच्यांना कुलपात ठेवता?" हसरीनं विचारलं.

ऊन उतरायच्या आत तो किल्ली घेऊन आला. "ही घे. तुझ्याकडेच राहू दे."

"मला किल्ली नको. कुलूपच नको. आतून ढकललं की उघडणारी कडी बसवा."

मिस्त्री आला. कुलूप निघालं, कडी बसली, पण गंजलेलं दार जागचं हलेना. हवालदारबाईनं बाह्या सरसावून खांदा लावला आणि दार करकरत सताड उघडलं.

पलीकडे काय होतं? पाण्याची टाकी आणि चिंध्यांचा ढीग. पण एकेक बाई त्या दारातून ऐटीत बाहेर गेली, पुढच्या दारानं आत आली आणि पुन्हा मागच्या दारानं बाहेर पडली. काजवाली तर तीनदा गेली. सगळ्यांत पुढे हसरी आणि हवालदारबाई, हातात हात घालून.