पडलेले डास

कीटकनियंत्रण खात्यात तिला सगळे डासमावशी म्हणत. तिच्या खोलीत पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरायची. डासांना मानवेल इतकी ऊब, तशीच दमट हवा, भिंतीला लागून जाळीचे पिंजरे. प्रत्येक पिंजऱ्याला एक कापडी बाही, आत साखरेच्या पाण्यात बुडवलेला कापसाचा बोळा. साखरेवर डास जगतो, पण मादीला अंडी घालायची तर रक्त लागतं. म्हणून मावशी अधूनमधून बाहीतून आपला हात कोपरापर्यंत आत सारायची आणि दुसऱ्या हाताने पुस्तकाची पानं उलटत बसायची.

"लोक डास येऊ नयेत म्हणून खिडक्या लावतात," तिची आई म्हणायची, "आणि आमची बाई त्यांना जेवू घालायला घराबाहेर पडते. हाताची चाळण झालीय बघ."

"निरोगी आहेत गं ते. अळीपासून मीच वाढवलेत."

"तुलाही मीच वाढवलंय. ऐकतेस का माझं?"

त्या वर्षी तापाची साथ आली. इस्पितळात खाटा पुरेनात, तेव्हा फवारणीचं एक नवं औषध आलं आणि ते तपासायचं काम मावशीकडे. तिने इस्पितळाच्याच गच्चीवरच्या टाकीतून अळ्या आणल्या, त्यांचे डास होऊ दिले, पिंजऱ्यावर औषध मारलं. तासाभरात एकूण एक डास पाय वर करून तळाशी.

खात्याचे मोठे साहेब खूश झाले. "घ्या, फत्ते! कर अहवालावर सही."

"सकाळपर्यंत थांबू या, साहेब."

"मेलेल्यांची वाट बघतेस?"

"मेलेत की नुसते पडलेत, ते सकाळीच कळतं."

सकाळी निम्म्याहून जास्त डास जाळीवर जाऊन बसले होते. साहेबांनी पिंजऱ्याकडे ओझरतं पाहिलं. "आपण तासाने मोजतो. तासाने पडले होते. विषय संपला."

"पैलवानही पडतो, साहेब. मग उठून घरी जातो."

साहेबांना विनोद आवडला नाही. आठवडाभरात सही झाली नाही, तर मावशीने डासांची खोली सोडून धान्याच्या गोदामात किडे मोजायला जावं, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

घरी आईने ताट बाजूला सारलं. "एवढी वर्षं त्या खोलीत घालवलीस. एका सहीसाठी घालवून बसणार? पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?"

"आई, औषध मारलं म्हणून लोक निर्धास्त झोपतील. टाक्या उघड्या ठेवतील. आणि हे सकाळी उठून चावायला हजर."

"बाकीचे करतातच ना सह्या."

"करू देत. मी नाही करणार."

आई उठली, मलमाची डबी आणली आणि लेकीच्या हातावर मलम चोळत राहिली. जरा जोरातच.

आठवडा संपला त्या दिवशी साहेबांनी इस्पितळाच्या मेट्रनबाईंना बोलावलं होतं. औषध उत्तम आहे, हे त्यांच्या कानावर घालायचं होतं. मावशी आली ती पिंजरा घेऊनच. आदल्या दिवशीच तिने त्यावर पुन्हा औषध मारलं होतं. जाळीवर डास बसलेले सगळ्यांना दिसत होते.

"अर्धमेले आहेत," साहेब मेट्रनबाईंना म्हणाले. "थोडे फडफडतात, पण चावायचं त्राण उरत नाही."

मावशीने पिंजरा त्यांच्या पुढ्यात सरकवला, बाहीची गाठ सोडली. "मग हात घाला, साहेब."

साहेबांनी खुर्ची जरा मागे घेतली.

"निरोगी आहेत, ताप येणार नाही. आणि त्राणच नसेल तर चावणारही नाहीत."

साहेबांचा हात खिशात गेला तो तिथेच राहिला. "हे शास्त्र आहे, जत्रेतला खेळ नाही."

"म्हणूनच म्हणते."

तिने स्वतःची बाही वर केली आणि हात आत घातला. क्षणभरात माद्या उतरल्या, सोंडा रोवल्या आणि त्यांची पोटं लाल होऊन फुगू लागली. मेट्रनबाई चष्मा सावरून वाकल्या.

"चांगल्याच जेवतायत की," त्या म्हणाल्या. मग साहेबांकडे वळल्या. "माझ्या रुग्णांना मी या औषधाच्या भरवशावर ठेवणार नाही. आजच टाक्या रिकाम्या करून झाकायला लावते." आणि पर्स उचलून निघाल्यासुद्धा.

दार लागल्यावर साहेब म्हणाले, "उद्यापासून गोदाम."

"जाते. सही तिथूनही मिळणार नाही. आणि या खोलीत माझ्या जागी जो येईल, त्याला सकाळपर्यंत थांबायला शिकवूनच जाईन."

"काढ तो हात आता."

तिने काढला नाही. दोघीतिघींचं जेवण अजून व्हायचं होतं.