सुताराची मुलगी

आखातात, रुवी भागातल्या आमच्या ऑफिसात नवे साहेब आले ते स्कॉटलंडचे. आडनाव मॅकिन्टायर, पण सगळे त्यांना 'मिस्टर मॅक' म्हणायचे. मी त्यांची सेक्रेटरी. एकदा ते हसत म्हणाले, "मॅक म्हणजे आमच्या गेलिक भाषेत मुलगा. तुम्ही मला नुसतं 'मिस्टर मुलगा' म्हणताय!"

"कुणाचा मुलगा?"

"सुताराचा."

मी खुर्चीतून उठलेच. "सर, माझे पप्पा वसईला सुतार आहेत!"

त्या हिवाळ्यात पप्पा व्हिजिट व्हिसावर माझ्याकडे आले होते आणि साहेबांची वयस्कर आईही आली होती. शुक्रवारी मी मायलेकांना हमरियातल्या आमच्या फ्लॅटवर जेवायला बोलावलं. पप्पांना रिकामं बसवत नसे. पॅकिंगच्या खोक्यांचं लाकूड आणून त्यांनी मला जेवणाचं टेबल करून दिलं होतं. आजीबाईंनी ताटाकडे पाहण्याआधी टेबलाच्या सांध्यावरून हात फिरवला.

"एकही खिळा नाही," त्या म्हणाल्या. त्यांच्या सासरी पिढ्यान् पिढ्या होड्या बांधत. "सुताराला आम्ही 'सीर' म्हणतो. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ, स्वतंत्र माणूस."

मी मराठीत सांगितलं. पप्पा ताठ बसले. "बरोबर आहे. हत्यारं जवळ असली की सुतार कुणाचा ताबेदार नाही. सांग त्यांना." मग म्हणाले, "पण विचार, मुलगा नसेल तर? मला तिन्ही मुलीच."

मुलगा नाही म्हणून गावात पप्पांची कीव करणारे लोक मला आठवले. मी विचारलं.

"मुलीला मॅक लावतच नाहीत," आजीबाई म्हणाल्या. "तिला वेगळा शब्द आहे, निक. ही तुमची निक. सुताराची मुलगी."

पप्पांनी तो शब्द त्यांच्याकडून पुन्हापुन्हा म्हणवून घेतला आणि जिभेवर बसवला.

दुसऱ्या दिवशी मत्रहच्या बाजारात रत्नागिरीकडच्या एका दुकानदाराने विचारलं, "चाचा, ही तुमची मुलगी काय?"

"निक," पप्पा म्हणाले.

"काय?"

मग काय, पप्पांनी स्टूल ओढून घेतलं आणि स्कॉटलंडच्या होड्यांपासून सुरुवात केली. दुकानदाराने चहा मागवला. मला कापड घ्यायचं होतं, पण मी घाई केली नाही. पप्पा हात हलवून हलवून सांगत होते आणि मी शेजारी उभी राहून ताठ मानेने ऐकत होते.